टगबोट आणि हिचा खोकला

मी रिटायर झालो आणि तीन महिन्यांत बायकोला नकोसा झालो. घरात आम्ही दोघंच. भाजीत मीठ कमी, नळ नीट बंद नाही, पेपर उशिरा, काही ना काही उकरून मी भांडायचो, नाहीतर भिंतीकडं बघत बसायचो. शेवटी तिनंच माळ्यावरून एक जुनी पेटी उतरवली आणि माझ्यापुढं आदळली. "ह्यात डोकं घाला. माझं खाऊ नका."

पेटीत माझी अर्धवट टगबोट होती. लग्नाआधी दोन वर्षं मी मुंबईच्या गोदीत सुतारकामाला होतो. तिथं ह्या बुटक्या बोटी स्वतःच्या दसपट मोठ्या जहाजाला दोरखंड लावून धक्क्याला आणायच्या. मला त्यांचं वेडच लागलं. फावल्या वेळात हातभर लांबीची एक करायला घेतली, पण कोल्हापूरला फौंड्रीत नोकरी लागली आणि ती तशीच राहिली. पुढची पस्तीस वर्षं ओतकामाचे लाकडी नमुने कोरण्यात गेली.

शाहूपुरीतल्या आमच्या घरात स्वयंपाकघराला लागून एक खोली आहे. तिथं मी टेबल मांडलं. सागवानाच्या पट्ट्या घासायच्या, त्यावर काचकापड चिकटवून उग्र वासाचं रेझिन फासायचं, मग रंग. ओल्या रंगावर रस्त्याची धूळ बसली की आठवड्याची मेहनत मातीत. म्हणून खिडकी मी घट्ट लावून ठेवायचो. घुसमटायला लागलं की दार उघडायचो, स्वयंपाकघराकडचं. आज हे लिहिताना स्वतःच्याच मुस्काटात द्यावीशी वाटते.

ती पहिल्यांदा खोकली तेव्हा मी पॉलिशपेपर मारत होतो. "फोडणीचा ठसका असंल," मी म्हणालो. गॅसवर तेव्हा नुसतं दूध होतं. मग रोजच खोकला यायला लागला, कोरडा, बारका. मी फौंड्रीचा माणूस. पाळी सुटली की गुळाचा खडा चघळायचा, खाल्लेली धूळ उतरते, ही आमची विद्या. हिलाही रोज एक खडा द्यायला लागलो. "पस्तीस वर्षं फौंड्रीची वाळू खाल्ली मी, मला काय झालंय?" ती मुकाट्यानं गूळ खायची आणि मधलं दार ओढून घ्यायची. मी परत उघडायचो.

जोतिबाला गेलो. पायऱ्या उतरून दर्शन झालं, पण वर येताना ती तीनदा बसली. ओठ निळसर पडले होते. मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मला राग येतो. "गुलाल गेलाय छातीत. तोंडाला पदर लाव म्हणून कितींदा सांगितलं?" मी सगळ्यांदेखत ओरडलो. शेजारचा नारळवाला म्हणाला, "पावणं, बोलणं ऱ्हाऊ द्या, बाईस्नी आधी पाणी द्या की." माझ्याजवळ पाणी नव्हतं. त्यानंच दिलं.

मग मात्र दवाखाना गाठला. छातीच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडाला धरला आणि विचारलं, "घरात धूर, भुसा, केमिकल, असं काही असतं का? उपचार त्यावर ठरणार आहेत."

मी तोंड उघडणार एवढ्यात ही म्हणाली, "न्हाय हो. जोतिबाचा गुलाल गेलाय छातीत." आणि टेबलाखाली माझा गुडघा दाबला. बोट निम्म्यावर आली होती. मी गप्प बसलो. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

रिक्षात विचारलं, "खोटं का बोललीस?"

"बोट बंद झाली की तुम्ही परत भिताडाकडं बघत बसणार. मला न्हाय बघवत ते."

तिथंच रिक्षा मागं वळवायला हवी होती. मी घरी येऊन बोटीच्या धुराड्याला काळा रंग दिला. खिडकी तेवढी उघडी ठेवली. चार दिवस. पाचव्या दिवशी रंगावर धूळ दिसली आणि मी ती पुन्हा लावून घेतली.

दीड महिन्यात तिला मोरीपर्यंत जायलाही भिंत धरावी लागायला लागली. पुन्हा दवाखान्यातल्या त्याच खुर्च्या. या वेळी मी सगळं ओकलो, रेझिन, भुसा, बंद खिडकी, उघडं दार. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. फुप्फुसाचा जो भाग ताठ झालाय तो आता परत पहिल्यासारखा होणार नाही, उरलेला वाचतो का बघू, असं त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "मागच्या वेळी मी हेच विचारलं होतं, काका. तुम्ही इथंच बसला होता."



"त्यास्नी काय बोलू नका, बाई," ही म्हणाली. "मीच गप बसवलं हुतं."

एवढं बोलताना तिला श्वासासाठी दोनदा थांबावं लागलं.