हातोडे थांबल्यावर

मेश्राम बाई गेल्याचा निरोप त्यांच्या भाच्याने दुकानावर आणला. प्रताप नगरच्या घरात त्या बरेच महिने अंथरुणाला खिळून होत्या. सुटल्या, असंच आधी वाटलं... मग लक्षात आलं, माझ्या मुलीला, कुंदाला, हे मलाच सांगायचं आहे.

इतवारीतल्या आमच्या भांड्यांच्या गल्लीत दिवसभर तांब्या-पितळेवर हातोडे पडतात. इथे माणूस ओरडूनच बोलतो आणि ऐकणारा ओठांकडे पाहून अर्धं समजून घेतो. खाप्याहून रिकाम्या हातांनी येऊन मी इथे दुकान उभं केलं, मुलीला इंग्रजी शाळेत घातलं. दुसरीतच मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकेने, बोलावून सांगितलं, मुलगी मंद आहे, घरात इंग्रजी नाही, तिला मंद मुलांच्या शाळेत घाला. भांडेवाल्याची पोर म्हणूनच हे, अशी माझी खात्री होती. टेबलावर हात आपटून मी बाहेर पडलो. तो अपमान अजून गिळलेला नाही.

मेश्राम बाई त्याच शाळेत इंग्रजी शिकवत. दोन-चार दिवसांनी त्या दुकानात आल्या. मी भांडायच्या तयारीत होतो. त्या म्हणाल्या, आधी पोरीला घरच्या बोलीत विचारून पाहू, म्हणजे इंग्रजीच अडतं की आणखी काही ते कळेल. कारागीर जेवायला बसेपर्यंत थांबल्या. हातोडे थांबले, तशा कुंदाच्या पाठीमागे जाऊन बेताच्या आवाजात म्हणाल्या, "कुंदे, तो लोटा आण वं." कुंदा वाट्या रचत राहिली. पुन्हा म्हणाल्या, तरी तेच. मग समोर येऊन, उजेडाकडे तोंड करून, तेच इंग्रजीत सांगितलं. पोरीने लोटा आणून दिला.

"मंद नाही गा भाऊ, तिले ऐकू कमी येते. तुमच्या गल्लीत सगळेच ओठ पाहून राहिले, तं तिचं कोणाले समजन?"

छातीवरचा धोंडा उतरला. डॉक्टरांनीही पुढे तेच सांगितलं. पण माझं भांडण संपलं नव्हतं. मोठ्या बाईंनी माफी मागितलीच पाहिजे, म्हणून मी अडून बसलो.

"माफी पाहिजे का पोरीले पहिला बाक?" बाईंनी विचारलं.

"दोन्ही."

"एकच आणू शकते मी. बोला."

इतक्या लवकर मी कधीच कुठला सौदा पक्का केला नाही. कुंदा पहिल्या बाकावर बसली. शनिवारी बाई दुकानात येऊन धडा आधी मराठीत समजावत, मग इंग्रजीत. त्यासाठी त्यांनी एक स्टूल दाराकडे तोंड करून मांडायला लावलं, बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड पडावा म्हणून. मलाही दटावलं, ओरडू नका, ओरडलं की ओठ वाकडे होतात. कुंदा त्याच शाळेतून मॅट्रिक झाली. आज दुकानाचा इंग्रजी पत्रव्यवहार तीच पाहते. माफी मात्र राहिली ती राहिलीच...

भाचा गेल्यावर मी त्या स्टुलावर बसलो, उजेडाकडे तोंड केलं आणि समोरच्या कुंदाला हळू आवाजात सांगितलं. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तिला कळलं होतं.

"त्रास झाला का जी त्यांले, बाबा?"

"नाही. झोपेतच गेल्या."

बाहेर हातोडे चालूच होते. एवढी मोठी गोष्ट आम्ही बोललो, पण गल्लीत कोणाला ऐकू गेली नाही.