चहा नको, चप्पल घाल

आजारी माणसाला बघायला आलेली बाई घरच्या बाईलाच घराबाहेर काढते, हे मी शेवंतामावशींच्या आधी कुठे पाहिले नव्हते आणि नंतरही फारसे पाहिले नाही. त्या आत यायच्या, दुधाची रिकामी किटली कोपऱ्यात ठेवायच्या आणि मी स्टोव्हकडे वळायच्या आत म्हणायच्या, "च्या नको. ऊठ, चप्पल घाल."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोल्हापुरात शुक्रवार पेठेत आमच्या दोन खोल्या होत्या. सासूबाई आधी मिठाचा डबा कुठे ठेवला ते विसरू लागल्या, मग माणसांची नावे, मग आपले घरच. माहेरी आजऱ्याला जायचे म्हणून निघाल्या आणि स्टँडवर सापडल्या, असे एकदा नाही, दोनदा झाले. तेव्हापासून दाराला आतून कुलूप आणि किल्ली माझ्या पदराच्या गाठीला. कोंडले त्यांना, पण आत मीही होतेच. नवरा उद्यमनगरात फाउंड्रीत. दिवसभर भट्टीपुढे उभा राहून आलेल्या माणसाला काय सांगायचे आणि किती? डॉक्टरांना मी विचारले, दिवसा यांना सांभाळणारी एखादी संस्था, एखादी बाई कुठे मिळेल का? ते म्हणाले, "का? घरात तुम्ही आहात ना?"

बघायला येणाऱ्यांना मात्र तोटा नव्हता. आमच्या कोल्हापुरात कुणी आजारी आहे आणि तुम्ही बघायला गेला नाहीत, हा मोठा गुन्हा. माणसे बिस्किटांचे पुडे घेऊन यायची, आपल्या कुठल्या तरी आत्याचे असेच कसे झाले होते ते रंगवून सांगायची, चहा प्यायची आणि "म्हातारीला सून झ्याक मिळालीया" म्हणून उठायची. मागे कपबशा उरायच्या. त्या कौतुकाचा मला इतका राग येऊ लागला होता की पुडे फोडावेसेही वाटत नसे.

शेवंतामावशी आमच्या गल्लीत दूध घालायच्या. गंगावेशीकडे त्यांचा गोठा होता. उंच, सावळ्या, आणि आवाज असा की शेजारी बसलेल्याशीही रंकाळ्याच्या पलीकडच्या काठावर असल्यासारख्या बोलायच्या. आमच्याकडच्या जुन्या बायकांसारख्या त्याही 'मी बसतो, मी जातो' असेच म्हणत. पहिल्यांदा त्यांनी मला चप्पल घालायला लावली, तेव्हा मी विचारले, "कुठे जाऊ?"

"त्ये मी कसं सांगू? मी हितं बसतो. तुला कुठं जायाचं त्ये तुलाच ठावं."

मला ते ठाऊक नव्हते. भाजी आणायला जाणे, औषध आणायला जाणे मला येत होते. नुसते जाणे विसरून गेले होते. तरी निघाले. सवयीने दार ओढले, कुलूप घातले, किल्ली पदराला बांधली आणि चालत सुटले ती थेट पंचगंगेच्या घाटावर. पायरीवर बसून राहिले. पाण्यात म्हशी डुंबत होत्या. त्या बघूनही माझ्या डोक्यात काही आले नाही, इतकी मी रिकामी झाले होते.

परतले तेव्हा दिवेलागण होत आली होती आणि आमच्या खिडकीसमोर गर्दी. मला वाटले, सासूबाईंचे काही झाले. तेवढ्यात आतून आवाज आला, "आगं ये सुमे! किल्ली घिऊन कुठं गेलतीस? तिकडं माझ्या म्हशी वरडाय लागल्या असतील की!"

खिडकीच्या गजांना धरून मावशी उभ्या होत्या आणि शेजारी सासूबाई, शांतपणे बिस्कीट खात. मला धरणीने पोटात घ्यावे असे झाले. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी घाईने गाठ सोडू लागले, तर मावशी म्हणाल्या, "थांब. उघडू नगंस अजून." आणि गर्दीकडे वळल्या.

"हासायलासा काय? मी घटकाभर कोंडून पडलो, तर समदी गल्ली गोळा झाली. ही पोरगी किती वरसं कोंडून हाय, तवा कोण आलतं? बघाय आलासा आन् च्या पिऊन गेलासा."

हसणे थांबले. मग गजांतून बोट बाहेर काढून त्यांनी एकेकीला नेमले. "मालू, उद्या तू बसायचंस. परवा जुबेदा. न्हाई म्हनंल तिचं दूध बंद."

दूध बंद होईल म्हणून असो की लाजेने, बायका येऊ लागल्या. मालू कुरकुरत यायची. शिंप्याची जुबेदा काजेबटणे करायला घेऊन यायची आणि सासूबाईंना बटणे वेचायला द्यायची. काहीजणी लवकरच गळाल्या. माझे कुलूप काही सुटले नाही. पण आठवड्यातून दोन-तीन दुपारी ते बाहेरून लागायचे, आणि बाहेर मी असायचे. नंतर मावशींनी दुसऱ्या गल्ल्यांतही हेच सुरू केले. "आजाऱ्याला काय इचारायचं? त्यो आजारी हाय, दिसतंय की. त्येच्या उशाला जी हुबी हाय तिला इचारा."

हे त्यांना कुठून सुचले, ते त्यांनी एकदाच सांगितले, किटली विसळता विसळता. त्यांचे मालक बरीच वर्षे अंथरुणाला खिळून होते. "पुडं यवढं आलं की म्हशीला घातलं. बसाय कोण न्हाई आलं. माझी आई गेली तवाबी मला जाता आलं न्हाई, सुमे." एवढे बोलून त्या निघून गेल्या. त्या दिवशी त्यांचा आवाज गल्लीत ऐकू आला नाही.

सासूबाई गेल्या. पुढे मावशींनीही म्हशी विकल्या आणि त्या कागलला मुलाकडे राहायला गेल्या. तो तिथल्या एमआयडीसीत कामाला होता. काही वर्षांनी कळले की त्याही आता सगळे विसरतात, म्हशी शोधायला घराबाहेर पडतात. मी भेटायला गेले. मावशी खाटेवर बसल्या होत्या, वाळून लहानशा झालेल्या. मला ओळखले नाही.

सून चहा ठेवायला उठली आणि तिथेच रडू लागली. "काकू, मी एवढं करते, तरी दिवसभर एकच. ऊठ, चप्पल घाल, चालू लाग. मला घरातून हाकलतात हो."

मी पुढे झाले. तिला जवळ घेतले. "हाकलत नाहीत गं. त्या तुला सोडवतात. चहा राहू दे. मी बसते, तू जा."

"कुठे जाऊ?" तिने विचारले.

"ते तुलाच ठाऊक."

ती बराच वेळ उंबऱ्यात उभी राहिली. मग चपला सरकवल्या आणि गेली. पाठोपाठ दार ओढले गेले आणि बाहेरून कुलूप लागल्याचा आवाज आला. माझी परतीची एसटी थोड्याच वेळात होती. खिडकीतून एक हाक मारली असती तर ती वळली असती.

मी हाक मारली नाही. मावशींनी दाराकडे पाहिले.

"गेली?"

"गेली, मावशी."

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि माझ्यासाठी खाटेवर जागा करून दिली.