गाडी थांबून राहिली

पांढुर्ण्याच्या ज्या फलाटावर मी सहावीपासून संत्र्यांची टोपली घेऊन धावलो, त्याच फलाटावर कॉलेजला निघताना मी पहिल्यांदा तिकीट घेऊन उभा होतो. नागपूरपर्यंत पॅसेंजर, तिथून पुण्याची गाडी. टोपलीवाले सोबती खिडकीशी जमले होते. "पहा रे, साहेब जाऊन राहिले! साहेबासाठी भाव डबल." मी खिडकीतूनच घासाघीस केली आणि डझनावर तीन संत्री जास्त काढली. 

आई म्हणाली, "पोचल्याबरोबर पत्र लिहिजो." बाबा म्हणाले, "दारात उभा नको राहू बापा. सुटताना झटका देते." मग जय भीम करून, गाडी हलता हलता त्यांनी आणखी एक वाक्य टाकलं. "नाही जमलं तर वापस ये. सौसरच्या जिनिंगमध्ये मुकादमाशी बोलून ठेवलं हाय."

त्यांनी ते धीर द्यायला म्हटलं होतं. पण बाबा स्वतः वीस वर्षं त्याच जिनिंगमध्ये होते. सरकीपासून कापूस सुटताना जे तूस उडतं ते त्यांच्या छातीत बसलं होतं, आणि ते एक वाक्यसुद्धा खोकल्याशिवाय पुरं करू शकत नव्हते. त्यांच्या जागी मी उभा आहे, हे चित्र मला पुण्यापर्यंत दिसत राहिलं.

गाववाल्यांनो, तुमच्यातले जे अजून पांढुर्ण्यातच आहेत त्यांना सांगायला नको, पण जे माझ्यासारखे बाहेर गेले त्यांच्या मुलांसाठी लिहितो. गाडी सिग्नलच्या आत आली की फलाटावर पहिला जो कोणी पाही तो ओरडे, "थांबून राहिली!" आमच्या बोलीत याचा अर्थ, गाडीचा वेग कमी होतो आहे, ती अजून थांबलेली नाही. ते ऐकलं की टोपली डोक्यावर आणि पाय गाडीबरोबर. थांबल्यावर उठणाऱ्याचा माल उरायचा. गाडी किती वेगात असताना दांडा धरायचा, उतरताना किती पावलं तिच्याच दिशेने पळायचं, हे मी शिकलो ते गुडघे फोडून घेऊन.

पुण्यात मामांकडे राहिलो. मामा कारखान्यात फिटर, दोन खोल्यांत सहा माणसं, मी सातवा. त्यांनी पहिल्याच दिवशी अट घातली. "एक जरी विषय उडाला, तर मी स्वतः तिकीट काढून देईन." ते वाईट नव्हते. जागा नव्हती.

बी. एस्सी. च्या पहिल्या वर्षाला मेकॅनिक्स. माझी शाळा हिंदी, घर मराठी आणि पुस्तक इंग्रजी. शाळेतलं द्रव्यमान इथे मास झालं होतं, वर्गात सर समजावताना त्यालाच वस्तुमान म्हणत. एकाच वस्तूची तीन नावं लिहून मी वहीचा समास भरून टाकत असे. प्रश्न विचारायला कधी हात वर केला नाही. तोंड उघडलं की मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणे, "बोलून राहिला, बोलून राहिला." मी एकदा त्याची कॉलर धरली होती. त्यानंतर तो फक्त लांबून बोलायचा.

पण न्यूटनचे नियम आले आणि मला पहिल्यांदा वाटलं की इथे मी टिकेन. सरांनी फळ्यावर ब्रेक लागलेली गाडी काढली, पुढे जाण्याचा बाण एकीकडे आणि बलाचा बाण उलट दिशेला. वर्ग ते उतरवून घेत होता. माझे पाय ते आधीपासून ओळखत होते.

मग आली प्रात्यक्षिकाची परीक्षा. परीक्षक बाहेरून आलेले, पांढऱ्या मिशांचे, पुण्याकडचेच. टेबलावर चाकांची छोटी गाडी होती. इंग्रजीत पहिला प्रश्न विचारला, मी अडखळलो. ते दयाळूपणे म्हणाले, "अरे, मराठीत सांग. घाबरतोस काय?" आणि त्यांनी बोटाने गाडीला धक्का दिला. गाडी टेबलावरून हळूहळू मंद होत चालली.

"आत्ता काय होतंय हिचं?"

"सर, थांबून राहिली."

"बरं. मग आत्ता हिच्यावर निव्वळ बल आहे?"

"आहे सर. मागच्या दिशेनं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "थांबून राहिली म्हणतोस आणि बल आहे म्हणतोस? जी वस्तू थांबूनच राहिली आहे, तिच्यावर निव्वळ बल शून्य. पहिला नियमसुद्धा वाचला नाहीस?"

"पण सर, थांबून राहिली. थांबली नाही."

"थांबून राहिली, पण थांबली नाही!" ते आमच्या सरांकडे वळून म्हणाले, "हा नवीनच नियम दिसतो." पुढच्या टेबलावरची पोरं खिदळली. आमचे सर खाली पाहत राहिले.

मला सौसरच्या जिनिंगचं दार दिसलं.  आणि भीती वाटली की मला राग येतो, तो तेव्हाही आला. मी गाडी उचलली, टेबलावर आदळली आणि ढकलली. ती सरकत होती तोवर ओरडत राहिलो, "थांबून राहिली... थांबून राहिली..." आणि ती उभी राहिल्यावर, "आता थांबली!"

"बाहेर हो," ते म्हणाले.

दारापर्यंत गेलो. सगळं संपलं होतं, मामा तिकीट काढणार होते. पण मी फलाटावर वाढलेला माणूस. गिऱ्हाईक तोंड फिरवतं तेव्हाच खरा भाव ठरतो. परत फिरलो. "सर, चुकलं माझं. शब्द सोडा. चिन्हात विचारा. एक चिन्ह चुकलं तर नापास करा, मी तोंड उघडणार नाही."

 त्यांनी खडू पुढे केला. मी वेग लिहिला, तो कमी होतो ते लिहिलं, त्वरण ऋण लिहिलं, घर्षणाचा बाण उलट काढला. खडू दोनदा तुटला.

"मग आधीच असं का नाही सांगितलंस?"

"असंच सांगितलं होतं सर."

 त्यांनी काठावर पास केलं. आमचे सर बाहेर म्हणाले, "मेहेरबानी मान." मी मानली नाही, आजही मानत नाही. उत्तर बरोबर होतं आणि त्याची किंमत मला पडेल भावाने मिळाली.

खरं नुकसान नंतर झालं. मी घाबरलो होतो. त्या दिवसापासून प्रत्येक वाक्य बोलण्याआधी तपासू लागलो. थांबतेय, येतोय, करतोय. पदवी झाली, नोकरी केली, सोडली, जुन्या लेथ मशिनांच्या खरेदी-विक्रीचा धंदा उभा केला. सौदा करताना माझ्या तोंडून एकही शब्द गावाकडचा निघत नाही. पहिल्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा आई बाबांना म्हणाली होती, "पाहुण्यासारखा काहून बोलून राहिला हा?" बाबा खोकत हसले होते. आता बाबा नाहीत.

गेल्या हिवाळ्यात मुलीला घेऊन आईला भेटायला निघालो. मुलगी पुण्यातच वाढलेली, इंजिनिअर. नरखेड मागे पडलं, बागा दिसू लागल्या, गावच्या जाम नदीचा थंड वास आला असं मला वाटलं. ब्रेक लागल्याचा तो बारीक झटका पायाला कळला आणि तोंडातून आपोआप निघालं, "चल, थांबून राहिली!" मी पिशवी उचलून दाराशी पोचलोही.

वळून पाहिलं तर मुलगी शांत बसलेली. पुस्तकातून मान वर करून म्हणाली, "बाबा, थांबून राहिली काय म्हणता? चालतेय की अजून."

त्या परीक्षकाचाच आक्षेप. चाळीस वर्षं ज्याच्यावर दात धरून बसलो, तो माझ्याच घरात बसला होता, आणि माझ्या मुलीला तो शब्द मी कधी दिलाच नव्हता. रागवायला कुणीच उरलं नाही. नुसती भीती वाटली, वर्गात वाटायची तशीच.

गाव म्हणजे आता माझ्यापुरतं एवढंच आहे. एक वाक्य, जे ऐकलं की गाडी थांबण्याआधी माणसं उठतात. खाली फलाटावर कुणीतरी ते ओरडलंही. मी मुलीचा हात धरून तिला उठवलं. "म्हणूनच उठायचं," म्हटलं. "थांबल्यावर उशीर होतो."