ओटीची साडी

दुकानात कोऱ्या साडीची घडी उलगडली की तिच्या खळीच्या वासानं माझं डोकं आजही तापतं. बुलढाण्याला मी सरकारी वकील होते आणि लहान मुलांवरच्या अत्याचाराचे खटले माझ्याकडे असायचे. त्या दिवशी धाड गावाकडच्या, नववीतल्या एका मुलीची साक्ष होती. एप्रिलचं ऊन कोर्टाच्या व्हरांड्यात आत घुसलं होतं. मी तिथं आले तर आरोपीचा काका मुलीच्या आईसमोर ओटीची कोरी हिरवी साडी अन् नारळ घेऊन उभा. मला पाहून म्हणाला, "मॅडम, पोरगा लगन कराले तयार हाय. आता काऊन वाढवून राह्यल्या?" आई मान खाली घालून बसली होती. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. "ज्यानं हिच्यावर अत्याचार केला, त्याच्याच घरी हिला नांदायला पाठवायचं?" मी विचारलं. तेवढ्यात आईशेजारी बसलेली मुलगीच उठली आणि आईला म्हणाली, "माय, मले त्याचं तोंडबी पाह्याचं नाही. मले सांगू दे." मी काकाला शिपायाकडून बाहेर काढलं आणि झाला प्रकार न्यायाधीशांच्या कानावर घातला. मुलीनं पडद्याआड बसून, थांबत थांबत, पण सगळं सांगितलं. आरोपीला शिक्षा झाली. त्यानंतर गावानं मायलेकींशी बोलणं टाकलं आणि शेवटी त्यांनाच गाव सोडावं लागलं. तो काका मात्र अजून गावातल्या सोयरिकी जुळवतो, असं ऐकते. लोक मला म्हणतात, मॅडम, निवृत्त झालात, आता तो राग सोडून द्या. मी काय म्हणून सोडू?