पोरींचा शुक्रवार

नाना मशीनचं दुखणं तळहातानं ओळखत. कापड विणणारे लूम बिघडले की दुरुस्त करणारे जॉबर म्हणून त्यांची उमेदीची वर्षं गेली आणि त्या खडखडाटात कानही गेले. पुढे धामणकर नाक्याजवळ त्यांनी नाणं टाकून खेळायच्या मशीनचं दुकान काढलं, तेव्हा त्या खेळांचा आवाज त्यांना जवळजवळ ऐकूच येत नव्हता. ते मशीनच्या कुशीला हात टेकत, डोळे मिटत आणि सांगत, "पंखा आडलाय." उघडून पाहिलं की पंखाच अडकलेला असे.

आधी वजनाचं मशीन आलं, तिकिटामागे भविष्य सांगणारं. मग बंदुकीचं, मग मुंबईत कुठेतरी बंद पडलेल्या दुकानातले व्हिडिओ गेम, आणि सगळ्यांत शेवटी स्टिअरिंग असलेलं, गाडी पळवायचं. आतली स्प्रिंग तुटली की नाना लूमची स्प्रिंग कापून बसवत. त्यामुळे आमच्या गाडीचं स्टिअरिंग जरा जडच होतं. "हाताला वजन लागलं पायजे," ते म्हणत, "न्हायतर गाडी चालवल्यावानी काय वाटंल?"

आम्ही पोरी तिथे जात नसू. दारात कायम लूमवरच्या पोरांचा घोळका असे. पण शुक्रवारी लूम बंद, आणि दुपारी ती पोरं नमाजाला गेली की दुकान रिकामं होई. तेवढा वेळ नाना दारात स्टूल टाकून बसत आणि आत फक्त पोरींना सोडत. कुणी मुलगा घुसायला लागलाच तर म्हणत, "अभी नहीं भाई, पोरींचा टाइम हाय."

आमच्या शेलार गावाकडे जाणारी रिक्षा भरेपर्यंत मी तिथे असते, हे एकदा माझ्या वडिलांना कळलं. ते तडक दारात आले. "पोरीनं असल्या ठिकाणी यायचं का, नाना?" नानांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. त्यांनी दुसरं स्टूल पुढे सरकवलं. "बसा दादा. तिची गाडी अजून पोचली न्हाय." वडील बसले, आणि शेवटपर्यंत बघत राहिले. माझ्यासाठी कुणी वेळ राखून ठेवण्याची ती पहिलीच खेप होती. ते उपकार मी विसरणार नाही.

मग मोबाइल आले. रस्ता रुंद झाला, त्यात दुकानाचा पुढचा भाग गेला. एकेक मशीन नानांनी स्वतः हात लावून भंगाराच्या टेम्पोत चढवलं. गाडीचं मशीन एका हॉटेलवाल्याला दारात शोभेसाठी हवं होतं. चालवणार नव्हता, नुसते दिवे लावणार होता. नाना भडकले. "मेलेलं जनावर कोन दारात उभं करतं का?"

ते मशीन त्यांनी मला दिलं. मी काल्हेरला नवं घर घेतलं होतं. अट एकच होती. "चालंल तवर ठेव. बंद झालं की भंगारात दे." मग दर शुक्रवारी दुपारी माझी लेक आणि बिल्डिंगमधल्या पोरी गाडी पळवत. नाना अधूनमधून येत, कुशीला हात टेकत आणि चहा पिऊन जात.

मागच्या वर्षी नानांनी अंथरूण धरलं. त्याच आठवड्यात मशीनचा पडदा काळा झाला. तसला पडदा आता कुठेच मिळत नाही. मी दुपारी भेटायला गेले तेव्हा त्यांनी पहिलं तेच विचारलं. "गाडी चाललीय?"

मी जोरात मान हलवली. "मस्त चाललीय."

त्यांनी माझा हात तळहातात धरला आणि डोळे मिटले.

"आज शुक्रवार ना? मग या टायमाला तू हितं कशी?"

त्यांनी माझा हात थोपटला. "देऊन टाक, बाय."

त्यांचे दिवस झाल्यावर मी भंगारवाल्याला बोलावलं. तो मशीनभोवती फिरला. "मॅडम, दिखने में तो अच्छा है. शो के लिए रख लो ना."

मी कुशीला हात टेकला. थंडगार पत्रा होता. मला रडू आवरेना.

"बंद है, भाई. ले जाओ."

निदान स्टिअरिंग तरी काढून ठेवावं, असं फार वाटत होतं. तेही ठेवलं नाही.