मजुरीचा रकाना

बचत गटाच्या प्रशिक्षणाला मी गेले, त्याचं खरं कारण एवढंच की त्याला फी नव्हती. डबे सुरू करून मला तेव्हा वर्ष झालं होतं आणि जिथं पैसे पडत नाहीत तिथं हटकून हजर राहायचं, हे वळण अंगात मुरलं होतं. सावेडीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये आम्ही तीसेक बायका सतरंजीवर बसलो होतो. शिकवायला आलेल्या मॅडमनी एकेक छापील कागद वाटला. एका डब्याला काय काय खर्च येतो ते त्यात भरायचं होतं. किराणा, भाजी, गॅस, पेट्रोल, मी भराभर लिहीत सुटले. मजुरीच्या रकान्यापाशी आले आणि तिथं लिहिलं, 'घरचंच'.

मॅडम फिरत फिरत माझ्यापाशी येऊन थांबल्या.

"पोळ्या कोण करतं?"

"आमच्या आत्या." सासूबाईंना आमच्याकडे आत्याच म्हणतात.

"रोज किती होतात?"

"होत असतील शंभरेक."

"मग त्यांची मजुरी?"

"अहो मॅडम, सासूला कुणी मजुरी देतं का? घरचंच माणूस ते."

सगळा हॉल हसला. त्यात मीच जास्त हसले. मॅडमनी माझ्या 'घरचंच'भोवती पेनानं एक गोल काढला आणि त्या पुढं गेल्या. मी मनात म्हटलं, कागदावरचा धंदा वेगळा आणि ओट्यावरचा वेगळा, यांना काय कळणार.

खरं सांगायचं तर काटकसर मला येत होती आणि तिचा मला गर्वही होता. ह्यांच्या कंपनीत कामाचे दिवस कमी झाले, तेव्हा मी डबे सुरू केले. हातात भांडवल नव्हतं, म्हणून एक रुपया घालायचा नाही असं ठरवूनच बसले. स्टीलचे डबे नातेवाइकांच्या माळ्यांवरून गोळा केले. आहेरात आलेले ते, प्रत्येकावर कुणा ना कुणाच्या लग्नाचं 'सप्रेम भेट' कोरलेलं. बँकेतल्या एका अविवाहित साहेबांना वर्षभर नवदांपत्याला शुभेच्छा देणारा डबा जात होता. भाजी मी बाजार उठता उठता आणायची, कोथिंबिरीच्या काड्यासुद्धा आमटीत जायच्या. डबे पोचवायला हे आणि ह्यांची स्कूटर. आणि पोळ्यांना आत्या.

आत्या मूळच्या देवळाली प्रवऱ्याच्या. मामंजी गेल्यावर आमच्याकडे आल्या आणि आल्या आल्या म्हणाल्या, "मला बसून खायाला न्हाई जमायचं. काय तरी काम दे." मी पहिल्याच आठवड्यात पोळपाट त्यांच्यापुढं ठेवला. सकाळी आठला त्या ओट्यापाशी उभ्या राहायच्या. मळायचं त्यांनी, लाटायचं त्यांनी, भाजायचंही त्यांनीच. मी भाज्या आणि आमटी बघायची. त्यांची घडीची पोळी कधीच पुरती गोल होत नाही, एका अंगाला छोटंसं टोक निघतं. पण पदर असे सुटतात की गिऱ्हाईकं भाजीचं नाव न काढता पोळीचंच नाव काढायची. "काकू, अगदी घरच्यासारखी," असे मेसेज यायचे. मी ते आत्यांना वाचून दाखवायची. माझ्या हिशेबी तेवढ्यात त्यांचं त्यांना मिळालं.

एकदा त्या म्हणाल्या, "मनगट लई ठनकतंय गं."

मी बाम लावून दिला आणि म्हटलं, "एवढा महिना जाऊ द्या आत्या, मग पोळ्यांना बाई लावू." मनात तेव्हा खरंच होतं. चौकशीही केली. पोळीमागं बाई जे मागत होती ते ऐकून मी तशीच घरी परतले. तेवढे दिले तर माझ्या हाती पातेली घासायचीच राहत होती. डब्याचा दर वाढवावा तर गिऱ्हाईक पुढच्या गल्लीत जातं. एवढा महिना गेला, पुढचाही गेला. मी ते वाक्य किती वेळा म्हणाले असेन देव जाणे. पुढं पुढं आत्यांनी मनगटाचं बोलणंच सोडलं आणि मला वाटलं, बरं झालं वाटतं.

मग एका सोमवारी त्या सकाळचा चहा पिऊन, धुतलेलं लुगडं नेसून, पिशवी घेऊन दाराशी उभ्या.

"कुठं निघालात?"

"कामाला."

मला वाटलं चेष्टा करताहेत. पण त्यांनी चपला घातल्या. चौकापलीकडं एक पोळी-भाजी केंद्र आहे, तिथं त्या दोन दिवस आधीच बोलून आल्या होत्या. तीन तास पोळ्या लाटायच्या, पोळीमागं पैसे.

"अहो, पण मनगट दुखतंय ना तुमचं?"

"तिथं कणीक मळायचं यंत्र हाय. भाजायला दुसरी बाई हाय. मला निस्तं लाटायचं. अन् मदी च्या देत्यात, बसून."

आणि गेल्या. ओट्यावर पीठ चाळून ठेवलेलं होतं आणि पंचवीस डबे उघडे पडले होते. माझा संताप संताप झाला. लोक काय म्हणतील, हेच पहिलं डोक्यात आलं. सून घरी धंदा करते आणि सासू दुसऱ्याच्या दारात पोळ्या लाटते! ह्यांना म्हटलं, तुम्ही बोला त्यांच्याशी. हे स्कूटर पुसत होते. म्हणाले, "मी आईला काय सांगू? फुकट कर म्हणून सांगू?" त्याचाही मला रागच आला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावायचं तरी कुणाला!

त्या दिवशी पोळ्या मी केल्या. शंभर पोळ्या म्हणजे काय असतं ते तिसाव्या पोळीलाच कळलं. साठाव्याला मी लाटणं ठेवून खाली बसले. हात खांद्यापासून माझा राहिला नव्हता. डबे उशिरा गेले आणि पोळ्या चिवट झाल्या. चार दिवस असेच काढले. दोन गिऱ्हाईकं सुटली. बँकेतल्या साहेबांनी, मोठा सज्जन माणूस, एवढंच लिहिलं की काकू, तब्येत बरी आहे ना?

पाचव्या दिवशी मी हात टेकले. ह्यांना म्हटलं, कुठूनही पोळ्या आणा. हे तासाभरानं एक मोठं पुडकं घेऊन आले आणि माझ्याकडे न बघता ओट्यावर ठेवून अंघोळीला गेले. मी कागद सोडला. वरच्याच पोळीला एका अंगाला टोक होतं. खालची उचलली, तिलाही होतं. पूर्ण चळत चाळली, तिथल्या दुसऱ्या कुणाच्या दहा-बारा सोडल्या तर सगळ्या आत्यांच्या. माझ्या घरातून निघून, चौक ओलांडून, दुसऱ्या बाईचा नफा अंगावर चढवून माझ्याच ओट्यावर परत आल्या होत्या. मला रडूच आलं. पण रडत बसायला वेळ कुठं होता? डबे भरले.

दुपारी साहेबांचा मेसेज आला. "काकू, आज पुन्हा घरच्यासारखी पोळी." मी फोन उपडा ठेवला.

तेव्हापासून पोळ्या तिथूनच येतात. काटकसर सगळी तीच आहे, काड्या अजून आमटीत जातात, पण वाचवलेलं सगळं त्या पुडक्यात जातं. बंद करावं तर ह्यांचा अर्धा पगार, चालवावं तर हे असं. महिनाभर कळ काढली आणि मग एका दुपारी धीर करून आत्यांपुढं बसले. त्या मनगटाला तेल चोळत होत्या. म्हटलं, "आत्या, तिथं देतात तेवढेच मी देते. पोळीमागं. घरी करा."

त्यांनी तेलाच्या बाटलीला झाकण लावलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तू देशील गं. तू काय वाईट हायेस व्हय? पन तिथली बाई म्होरं बसून मोजती. शंभर झाल्या की म्हनती, मावशी, शंभर झाल्या, आता टेका जरा. मला लई बरं वाटतं. इथं मी दीड वरीस लाटलं. किती झाल्या, तुला म्हाईत हाय का?"

मला गॅसची टाकी किती दिवस पुरते ते माहीत होतं. एका किलो तेलात किती फोडण्या होतात ते माहीत होतं. मॅडमनी पेनानं काढलेला तो गोल डोळ्यांपुढं आला. मी मान हलवली, नाही म्हणून.

"मला बी न्हाई," त्या म्हणाल्या आणि तेलाची बाटली माझ्या हाती दिली, जागेवर ठेवायला.

संध्याकाळच्या घरातल्या पोळ्या मात्र त्या अजून स्वतः करतात. मी कितीदा म्हटलं, राहू द्या, मी करते. ऐकत नाहीत. परवा मी शेजारी उभी राहून भाजी परतत होते आणि माझ्याही नकळत मोजायला लागले. शेवटची पोळी त्यांनी तव्यावरून काढली तशी मी म्हणाले, "आत्या, आठ झाल्या. टेका आता जरा."

त्यांनी गॅस बंद केला. पोळी दुमडून डब्यात ठेवली आणि झाकण लावलं.

"घरच्या मोजीत न्हाईत, पोरी," त्या म्हणाल्या. "ताटं घे."