शेवटच्या बाकावरचे बोरसे सर

बोरसे सर पाठ बघायला आले की खुर्चीवर बसत नसत. शिपायाने आणलेली खुर्ची ते दाराशीच ठेवायला सांगत आणि शेवटच्या बाकावर, आठवीतल्या मुलांच्या मापाच्या त्या बाकात, गुडघे पोटाशी घेऊन बसत. मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवत. मग पस्तीस मिनिटं शिकवणाऱ्याकडे ढुंकूनही बघत नसत. वर्गातलं एकच मूल निवडत आणि त्याच्याकडे पाहत राहत.

आम्ही सुरतेत बी.एड. करत होतो, प्लेगच्या आदल्या वर्षी. बोरसे सर आम्हाला गणिताची अध्यापनपद्धती शिकवत. सराव पाठांसाठी आमची पाचजणांची तुकडी डिंडोलीच्या एका मराठी शाळेत जायची. माझे वडील बँकेत, घरात सगळे शुद्ध बोलणारे, आणि शाळेपासून कॉलेजपर्यंत गणितात मी कायम पहिला. त्यामुळे आपल्याला शिकवता येतंच, फक्त सरकारला त्याचा कागद हवाय, अशी माझी समजूत होती.

पहिल्याच पाठात मी फळ्यावर वर्तुळ काढायला घेतलं. लाकडी कंपासाचं टोक घसरलं, खडू तुटला, दुसरा घेतला, तोही तुटला. वर्तुळाचं बटाट्यासारखं काहीतरी झालं. मी ते पुसत आणि काढत राहिलो. तास संपल्यावर सरांनी माझी वही मागितली. इतर प्राध्यापक 'आवाज स्पष्ट', 'फलकलेखन सुधारावे' असलं काही लिहीत. सरांनी लिहिलं होतं : 'तिसऱ्या रांगेतला निळ्या दप्तराचा मुलगा. चौथ्या मिनिटाला हरवला. पुन्हा सापडला नाही.' वही परत देताना म्हणाले, "तुझी पाठ चांगली रुंद आहे रे भो. पण आठवीच्या अभ्यासक्रमात ती नाही."

सर मूळचे धुळ्याकडचे. वडील यंत्रमागावर कामाला म्हणून लहानपणीच सुरतेला आलेले. वर्गात ते छापील मराठी बोलत, पण कोणाचं कौतुक करायचं किंवा कोणाची खोड मोडायची असली की अहिराणीवर घसरत. "समजनं का?" हा त्यांचा प्रश्न मुलांना कधीच नसे, आम्हाला असे. एक वाक्य तर आम्ही त्यांच्या आवाजात एकमेकांना म्हणून दाखवायचो. "गणित अवघड नसतं रे भो, मास्तर घाईत असतो."

मी सगळ्यात जास्त घाईत होतो.

दिवाळीनंतर मला आठवीचा समीकरणांचा घटक मिळाला. सरांनी त्या वर्गातून माझ्यासाठी वंदना नावाची एक मुलगी निवडली आणि पुढचे सगळे पाठ तिच्यावरूनच जोखले. सहा मिनिटं. नऊ मिनिटं. एकदा चौदा. तो आकडा वाढावा म्हणून मी घरी आरशासमोर शिकवायचो. आरशाला सगळं समजायचं.

वंदनाला मात्र समजायचं नाही. एका तासाला मी ऐटीत सांगितलं, अधिक तीन बरोबरच्या चिन्हापलीकडे गेले की वजा तीन होतात. तिने हात वर केला. "सर, पलीकडे गेल्यावर का बदलतात?" मी म्हणालो, नियम आहे. ती म्हणाली, "पण का?" मी म्हणालो, बस खाली. खरं सांगायचं तर मलाही माहीत नव्हतं. पदवीपर्यंत हजारो वेळा मी ते तीन पलीकडे नेऊन टाकले होते, पण त्यांना वाटेत काय होतं ते कधी विचारलं नव्हतं.

फेब्रुवारीत वार्षिक पाठ होता. बाहेरचे परीक्षक येणार होते. त्याच शाळेत जूनपासून गणिताची जागा रिकामी होणार होती आणि वार्षिक पाठाचे गुण चांगले असतील तर ती मला मिळेल, असं मुख्याध्यापक बोलून गेले होते. आमच्यातले सगळेच जण आदल्या दिवशी तोच पाठ गुपचूप एकदा घेऊन ठेवत आणि कोणी काय उत्तर द्यायचं ते वाटून देत. मी तेवढ्यावर थांबलो नाही. तास सुटल्यावर वंदनाला आणि आणखी दोन मुलांना बाजूला घेऊन म्हणालो, उद्या तुम्ही आला नाहीत तरी चालेल. मुलं उड्या मारत गेली. वंदनाने विचारलं, "का?" मी म्हणालो, परीक्षा आहे, हुशार मुलंच बसवायची आहेत.

पाठ इतका सुरेख झाला की मला स्वतःलाच ऐकत राहावंसं वाटत होतं. बाहेरच्या परीक्षकांनी माझा हात हातात घेऊन दाबला. बोरसे सर शेवटच्या बाकावर एका रिकाम्या जागेशेजारी बसले होते. त्यांनी लिहिलं : 'वंदना. शून्य मिनिटं.' मग विचारलं, ती कुठे आहे? मी म्हणालो, आजारी असेल.

ती दोन मुलं दुसऱ्या दिवशी शाळेत आली. वंदना आली नाही. आठवड्याने तिचे वडील येऊन तिचा दाखला घेऊन गेले. मास्तरांनीच येऊ नको म्हणून सांगितलं, असं तिने घरी सांगितलं होतं. पोरीला किती शिकवायचं, हा तिच्या वडिलांचा आणि काकाचा वाद त्या घरात आधीपासून चालू होता. मी तो मिटवून टाकला.

सरांना त्या दोन मुलांकडून सगळं कळलं होतं. मला वाटलं, आता हे माझे गुण कापणार. त्यांनी फक्त "चल" म्हटलं आणि लूनावर मागे बसवून मला वंदनाच्या घरी नेलं. वाटेत त्यांनी एकदाच मान वळवली. "तिथं तू बोलू नकोस. तुला त्याच वस्तीत मास्तरकी करायची आहे. माझ्या निवृत्तीला दोनच वर्षं उरलीत."

एका खोलीचं घर. वंदना जमिनीवर साडी पसरून तिच्यावर टिकल्या चिकटवत होती. तिचे वडील अर्जुनदादा रात्रपाळी करून झोपले होते, ते उठून बसले. सर हात जोडून म्हणाले, "दादा, चूक माझी आहे. परीक्षेच्या दिवशी वर्गात गर्दी नको, असं मीच या मास्तरांना सांगितलं होतं. पोरीला पाठवा." अर्जुनदादांनी सरांकडे पाहिलं. मग माझ्याकडे, बराच वेळ. मी दारातल्या चपला मोजत होतो. पाच जोड होते, एक चप्पल एकटी. "बघू गुरुजी," ते म्हणाले आणि चहा सांगितला.

आम्ही ओळीने चार रविवार गेलो. प्रत्येक वेळी चहा आणि प्रत्येक वेळी "बघू गुरुजी". चहा होईपर्यंत सर वंदनाजवळ जमिनीवर बसत. दुसऱ्या रविवारी त्यांनी कागदाच्या पुडीत काही टिकल्या बांधल्या, पुडीशेजारी तीन सुट्या टिकल्या ठेवल्या आणि समोर सात. दोन्हीकडे सारख्याच आहेत, तर पुडीत किती? वंदनाने दोन्ही हातांनी एकाच वेळी इकडच्या तीन उचलल्या आणि तिकडच्या तीन. पुडी एकटी उरली, समोर चार.

"म्हणजे ते पलीकडे जातच नाहीत," ती म्हणाली. "आपण दोन्हीकडून काढतो."

सर माझ्याकडे वळून अहिराणीत म्हणाले, "समजनं का?" मी मान डोलावली. वयाच्या तेविसाव्या वर्षी, गणितात पहिला येऊन येऊन थकल्यावर, मला ते त्या दिवशी समजलं.

त्यानंतरच्या रविवारी गेलो तर वंदना घरी नव्हती. तिला शिरपूरला मामाकडे पाठवलं होतं. वर्षभरात लग्न झाल्याचं कानावर आलं. मला नोकरी लागली.

सर निवृत्त झाले आणि पुढच्याच उन्हाळ्यात मूत्रपिंडाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले. मी भेस्तानला त्यांच्या घरी जायचो, वर्गातल्या माझ्या फजित्या तिखटमीठ लावून सांगायचो, ते पोट धरून हसायचे. एकदा हसता हसता थांबले. म्हणाले, "त्या दारात मी तुझा पेपर लिहिला रे. परीक्षेत असं करणाऱ्याला आपण बाहेर काढतो. एकदा जाऊन त्या बापाला खरं काय ते सांगून ये." मी हो म्हणालो. मग शाळेच्या चाचण्या आल्या, मग निकाल, मग सुट्टी. कारणं शोधण्यात मी पहिल्यापासून हुशार. सर गेले तेव्हाही माझं "पुढच्या रविवारी" चालूच होतं.

तेराव्यानंतर गेलो. अर्जुनदादा ओट्यावर बसले होते. मला ओळखून म्हणाले, "गुरुजी नाही आले?" मी सांगितलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग मी उभ्या उभ्याच सगळं बोलून टाकलं. पोरीला मीच घरी बसवलं, नोकरीसाठी बसवलं, सर माझ्यासाठी खोटं बोलले.

"ते मला तेव्हाच समजलं होतं, मास्तर," ते शांतपणे म्हणाले. "पोरगी घरात कधी खोटं बोलली नाही. तुम्ही काय म्हणाला होतात, ते तिने शब्दाला शब्द सांगितलं होतं. मी चार रविवार तुमच्याकडे बघत होतो. तुम्ही एक शब्द बोलला असतात तर सोमवारी तिला शाळेत आणून सोडली असती. माझा भाऊ काही का म्हणेना." मग म्हणाले, "पण जो मास्तर चुकलो म्हणत नाही, त्याच्या हाताखाली पोरगी कशी द्यायची?"

मला बसा म्हणाले नाहीत. आत गेले, धुतलेला सदरा घालून बाहेर आले आणि म्हणाले, गुरुजींच्या घरी न्या मला. वहिनींनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, दार उघडलं आणि हे कोण, अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं.

अर्जुनदादा पुढे झाले. हात जोडून म्हणाले, "मी गुरुजींच्या विद्यार्थिनीचा बाप."